समुद्रावर गेलेली मालमोटार

इ. स. २००३ च्या जुलै महिन्यांत अमेरिकेच्या एका टेहळणी विमानास, फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाच्या की वेस्ट बेटापासून सुमारें ४० मैलांवर, भर समुद्रांत हिरव्या रंगाची एक मालमोटार चाललेली दिसली. ती एकाद्या जहाजावर लादलेली नव्हती. ती स्वतःच पाण्यावर तरंगत होती, आणि स्वतःच्याच इंजिनाच्या बळावर ताशीं आठएक मैलांच्या गतीनें उत्तरेकडे निघाली होती. तिच्यावर १२ माणसें होतीं. गाडी १९५१ सालची शेव्हरलेट. म्हणजे ज्या देशाकडे तिचें तोंड होतें त्याच देशांत बावन्न वर्षांपूर्वीं ती जन्मास आली होती.

वर्तमानपत्रांनीं त्या वेळीं ह्या प्रसंगाचा उपयोग बहुतकरून करमणुकीसाठीं केला. छायाचित्र खरोखरच चमत्कारिक होतें. पाण्यांत उभी असलेली मोटार पाहून कोणास हंसूं येणार नाहीं? परंतु हंसून पान उलटावें असा हा प्रकार नाहीं. ही गाडी समुद्रावर कां व कशी आली हें समजून घ्यावयाचें म्हटलें तर पाऊणशें वर्षांचा इतिहास चाळावा लागतो, आणि त्यांत दोन सरकारें, एक कायदा व असंख्य मिस्त्री भेटतात.

अमेरिकन लोक ज्या वाहनास ‘पिकअप’ म्हणतात तें दिसावयास अगदीं साधें असतें: पुढें दोघांतिघांस बसावयाची बंद खोली आणि मागें सामान टाकण्यासाठीं उघडी हौदी. फोर्ड कंपनीनें १९२५ सालीं आपल्या ‘मॉडेल टी’ गाडीवर अशी हौदी कारखान्यांतच बसवून ती २८१ डॉलरांस विकावयास काढली. त्यापूर्वीं शेतकरी आपल्या मोटारीचा मागचा भाग कापून तेथें लांकडी खोका ठोकीतच असत. कंपनीनें केलें तें इतकेंच कीं, शेतकऱ्याची युक्ति आपल्या यादींत घातली. तेव्हां मालकानें स्वतःच्या हातानें गाडी बदलावी ही संवय ह्या वाहनाच्या जन्मापासूनची आहे. पुढें १९४७ सालीं शेव्हरलेटनें गोलसर खोलीच्या व आडव्या पट्ट्यांच्या जाळीच्या नव्या घाटाच्या मालमोटारी काढल्या. आपली हिरवी गाडी त्याच घराण्यांतली. ह्या घराण्यांतील हलक्या गाड्यांचें सहा सिलिंडरांचें, साडेतीन लिटरांचें इंजिन मोठें गरीब स्वभावाचें होतें. त्यांत दट्ट्यांच्या दांड्यांचीं बेअरिंगें बॅबिट नांवाच्या मऊ मिश्रधातूचीं ओतलेलीं असत. तो धातु झिजला म्हणजे नवा वितळवून ओतावा आणि खरवडून, घांसून जागीं बसवावा. एवढें ज्याला साधेल त्याच्या हातीं हें इंजिन दीर्घायुषी होई. पुढें जें घडलें त्याचें निम्में रहस्य ह्या साधेपणांतच आहे.

क्यूबा बेट फ्लोरिडापासून अवघ्या ९० मैलांवर. १९०३ सालीं अमलांत आलेल्या व्यापारी तहामुळें क्यूबाची साखर अमेरिकेंत सवलतीच्या जकातीनें जाई आणि अमेरिकेचा पक्का माल तशाच सवलतीनें क्यूबांत येई. ऊंस जाई व मोटार येई, असें थोडक्यांत म्हणावें. १९२७ ते १९३१ ह्या चार वर्षांत बेटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारें ११०० किलोमीटरांचा राजमार्ग झाला व मोटारीस धांवावयास जागा मिळाली. १९५० नंतरच्या दशकांत तर की वेस्टहून हवानास मोटारी घेऊन जाणारी आगबोटच चालूं होती; मनुष्य आपल्या गाडीसह दिवसाभरांत पैलतीरास लागे.

आपल्याकडेहि ह्या शेव्हरलेट गाड्या अनोळखी नव्हत्या. जनरल मोटर्सनें १९२८ सालीं मुंबईस शिवडी येथें जोडणीचा कारखाना काढला होता, आणि घाटांतल्या सर्व्हिस मोटारींत शेव्हरलेट हें नांव घरोघर माहीत झालें होतें. तो कारखाना १९५४ सालीं बंद झाला. पण त्याच वर्षीं जमशेदपुरास टाटांच्या कारखान्यांतून मर्सिडीज-बेंझच्या सहकार्यानें मालमोटारी निघूं लागल्या. आपल्या मिस्त्र्यांनीं जुन्या गाड्या कांहीं वर्षें नेटानें चालविल्या खऱ्या, परंतु नवी गाडी दाराशीं आल्यावर जुनीला मोडींत जाण्याची मुभा मिळाली. क्यूबांतल्या गाडीला ती मुभा कधींच मिळाली नाहीं.

१९५९ च्या जानेवारींत क्यूबांत क्रांति झाली. पुढल्या वर्षीं रशियन खनिज तेल शुद्ध करण्यास तेथील परदेशी कंपन्यांनीं नकार दिला. क्यूबा सरकारनें ते कारखाने ताब्यांत घेतले. अमेरिकेनें साखरेची खरेदी आवरली. आणि ऑक्टोबर १९६० मध्यें अन्न व औषधें वगळून बहुतेक सर्व निर्गत बंद केली. फेब्रुवारी १९६२ मध्यें व्यापारबंदी पुरी झाली. कोणी आधीं चूक केली ह्या वादांत येथें शिरण्याचें प्रयोजन नाहीं. आपल्या विषयापुरती गोष्ट एवढीच कीं, त्या दिवसापासून शेव्हरलेटचा एक खिळाहि सरळ मार्गानें बेटावर येईनासा झाला, आणि बेटावरच्या गाड्या मात्र जेथें होत्या तेथेंच राहिल्या.

येथपर्यंतची हकीकत बहुतेकांस ठाऊक असते. हवानाच्या रस्त्यांवरील रंगीबेरंगी जुन्या मोटारी प्रवासी लोक हौसेनें पाहतात, त्यांत बसून फिरतात, आणि क्यूबाचे लोक जुन्या वस्तूंचे मोठे शोकी आहेत असें घरीं येऊन सांगतात. माझ्या मतें हा शुद्ध गैरसमज आहे. ह्या गाड्या टिकल्या त्या शोकानें नव्हे, कायद्यानें. क्रांतीनंतर आलेली रशियन मोटार, मग ती मॉस्क्विच असो वा लाडा, सरकारकडून उत्तम कामगारास, डॉक्टरास, खेळाडूस मिळे. ती चालवितां येई, पण मोकळेपणीं विकतां येत नसे. मोकळेपणीं विकावी, घ्यावी, मुलास द्यावी अशी मोटार एकच: जी क्रांतीपूर्वीं बेटावर आली होती. हा निर्बंध २०११ सालीं उठला. म्हणजे पन्नास वर्षें क्यूबांतील सामान्य मनुष्याच्या दृष्टीनें ‘माझी गाडी’ ह्या शब्दांचा पुरा अर्थ आजोबांच्या वेळच्या अमेरिकन गाडींतच सांपडत होता. नवी वस्तु त्याला वापरावयास मिळे, जुनी त्याच्या मालकीची असे. आतां कोणताहि शहाणा मनुष्य आपली मेहनत व पैसा कोणत्या गाडींत घालील?

आणि मेहनत तरी केवढी! पत्रा गंजला कीं तेलाचें पीप फाडून, ठोकून त्याचा तुकडा डागून बसवावयाचा. गॅस्केट हातानें कापून काढावयाचें. दट्ट्याच्या कड्या दुसऱ्याच कुठल्या इंजिनाच्या घेऊन घांसून बेतावयाच्या. मूळचें इंजिन पेट्रोल फार पीत असे, म्हणून पुढें तें काढून त्या जागीं डीझेलचें इंजिन बसविण्याची चाल पडली. हें इंजिन कधीं रशियन असे, कधीं इंग्रजी पर्किन्स, कधीं जपानी. इंजिन बदललें कीं त्याचे आधार बदलावे लागत, गिअर बदलावे लागत, मग ब्रेक कमी पडत म्हणून तेहि बदलावे लागत. मालमोटारींचें रूपांतर तर ह्याहून मोठें. मागच्या हौदीवर लोखंडी सांगाडा उभारून, वर छप्पर घालून व आंत बांकें ठेवून तिची प्रवासी गाडी करीत. पूर्वेकडील सांतियागो प्रांतांत अशा शेव्हरलेट, फोर्ड, जी. एम. सी. गाड्यांनीं गांवोगांवची ने-आण केली आहे. शहरांतून ठराविक वाटेनें उतारू नेणाऱ्या मोठ्या मोटारीस लोक ‘आल्मेंद्रोन’ म्हणूं लागले. ह्याचा अर्थ मोठा बदाम.

रशियन भाग अमेरिकन गाडींत कसे बसत, ह्याचें पुष्कळांस नवल वाटतें. परंतु गॉर्की येथील ज्या कारखान्यांतून व्होल्गा मोटार निघे, तो मुळीं १९२९ सालीं सोव्हिएट सरकारनें फोर्डशीं केलेल्या करारांतून उभा राहिला होता आणि त्याच्या पहिल्या मालमोटारी फोर्डच्याच नमुन्याच्या होत्या. राजकारणांत हाडवैर असलें तरी लोखंडांत भाऊबंदकी होती! अर्थात् सर्वच भाग ह्या नात्यानें बसत असें नाहीं. पुष्कळसे मिस्त्र्याच्या हातोड्यानेंच बसत.

ह्या गाड्या पाहिल्या म्हणजे नागसेन व मिलिंद राजा ह्यांच्या संवादांतला रथ आठवतो. चाक म्हणजे रथ काय? आंस म्हणजे रथ काय? राजास ‘नाहीं’ म्हणावें लागतें. क्यूबाच्या मालकाला मात्र असा पेंच पडत नसावा. इंजिन जपानी, ब्रेक रशियन, पत्रा पिंपाचा. तरी गाडी शेव्हरलेट, कारण कागदावर शेव्हरलेट आहे व तो कागद त्याच्या नांवाचा आहे.

१९९१ सालीं सोव्हिएट संघ मोडला आणि त्याजकडून मिळणारें स्वस्त तेल आटलें. सरकारनें चीनकडून दहा लाखांहून अधिक सायकली आणविल्या. हवानेंत मालमोटारीच्या मुंडक्यामागें उंचवट्यांचा प्रचंड डबा जोडून त्यांत शेंकडों माणसें कोंबूं लागले. लोक त्यास उंट म्हणत. जुन्या खासगी गाडीची किंमत अशा वेळीं वाढली, कारण तिच्यावर चार पैसे मिळत. पण चार पैसे मिळाले तरी त्यांनीं घ्यावयाचें काय, हा प्रश्न राहीच. १९९४ च्या उन्हाळ्यांत तीस हजारांहून अधिक माणसें तराफे व होड्या करून समुद्रावर निघालीं. त्यानंतर १९९५ सालीं अमेरिकेनें असें धोरण ठरविलें कीं, जो क्यूबन मनुष्य समुद्रांत सांपडेल त्यास परत पाठवावें आणि ज्याचा पाय अमेरिकेच्या जमिनीस लागेल त्यास राहूं द्यावें. लोकांनीं ह्यास ‘ओले पाय, कोरडे पाय’ असें नांव दिलें. १९६६ च्या कायद्यानें ज्यांना आसरा दिला होता त्यांच्यांत व परत जाणाऱ्यांत आतां कांहीं वेळां एका लाटेचेंच अंतर उरलें.

अशा परिस्थितींत जुन्या गाडीचा एक मालक आपल्या गाडीकडे नव्या दृष्टीनें पाहूं लागला. होडी नव्हती, परंतु मालकीची एक वस्तु होती आणि ती कशीहि बदलण्याची विद्या चाळीस वर्षें बेटावर मुरलेली होती. त्यानें व त्याच्या सोबत्यांनीं गाडीच्या बाजूंस व खालीं ५५ गॅलनांचीं रिकामीं पिंपें बांधलीं. अशा एका पिंपांत सुमारें २०० लिटर मावतात. तें पुरतें बुडालें तर स्वतःचें वजन वजा जातां पावणेदोनशें किलोंचा भार तोलून धरतें. गाडी दीड-दोन टनांची व माणसें बारा, तेव्हां बारा-पंधरा पिंपें तरी लागावींत, असा सरळ हिशेब आहे. इंजिनाची गति मागच्या चाकांकडे नेणारा जो दांडा असतो त्यास पाणी कापणारा पंखा जोडला. म्हणजे जी सुधारणा गाडीवर इतकीं वर्षें चालली होती तिचाच हा पुढचा टप्पा. आजवर इंजिन बदललें, हौदी बदलली; आतां वाट बदलली.

मला ह्या प्रकरणांत धाडसाहून अधिक कौतुक वाटतें तें कारागिरीचें. फ्लोरिडाच्या सामुद्रधुनींतून गल्फ स्ट्रीमचा जोरकस प्रवाह पूर्वेकडे वळून मग उत्तरेस जातो. त्यांत बनावटीच्या होड्याहि वाहवतात व माणसें बुडतात. तेथें ही गाडी अर्ध्याहून अधिक अंतर कापून गेली, आणि थांबली ती बिघाडामुळें नव्हे. अमेरिकेच्या तटरक्षक दलानें गांठून सर्व उतारू उतरवून घेतले व क्यूबास परत पाठविले. मालमोटार, जहाजांच्या मार्गांत धोका नको म्हणून, तेथल्या तेथें बुडविली. तटरक्षकांस फार दोष देतां येत नाहीं. उतारू काढून घेतलेल्या होड्यांची ते अशीच वासलात लावीत. तरी पण ज्या देशानें चाळीस वर्षें त्या गाडीसाठीं एक कडीहि येऊं दिली नव्हती, त्यानेंच ती सुस्थितींत चालत असतां तळाशीं धाडली, हें वाचून मन विषण्ण होतें. बेटावर परत आलेल्या मालकापाशीं आतां तर गाडीहि नव्हती.

मात्र विद्या होती. फेब्रुवारी २००४ मध्यें त्याच मंडळींपैकीं कांहीं जण पुन्हा निघाले. ह्या वेळीं गाडी १९५९ सालची ब्यूक होती, आणि लहान मुलेंहि बरोबर होतीं. तीहि वाटेंत अडविली गेली. बहुतेकांस परत पाठविलें. परंतु गाडी बनविणाऱ्या कारागिराला, त्याच्या बायकोला व मुलाला ग्वांतानामोच्या अमेरिकन तळावर ठेवून घेतलें, व तेथून पुढें कोस्टा रिकास नेलें. २००५ सालीं एक तिसरी गाडी, १९४८ सालची मर्क्युरी टॅक्सी, समुद्रावर आली. तीहि किनाऱ्यास लागली नाहीं.

पुढची हकीकत थोडक्यांत सांगतां येते. २०१४ च्या जानेवारींत क्यूबा सरकारनें नव्या गाड्यांची विक्री परवान्यावांचून खुली केली, पण किंमती अशा कीं एका प्यूजो गाडीस अडीच लाख डॉलरांहून अधिक पडत. त्यामुळें जुन्या गाडीचें स्थान ढळलें नाहीं. ‘ओले पाय, कोरडे पाय’ हें धोरण १२ जानेवारी २०१७ रोजीं रद्द झालें. व्यापारबंदी मात्र तशीच राहिली.

आणि तें कोस्टा रिकाचें कुटुंब? तें तेथें फार काळ राहिलें नाहीं. २००५ च्या मार्च महिन्यांत मध्य अमेरिका व मेक्सिको ओलांडून तें अमेरिकेच्या दक्षिण सरहद्दीवर पोंचलें आणि कोरड्या पायांनीं आंत गेलें. हिरवी मालमोटार की वेस्टच्या दक्षिणेस समुद्राच्या तळाशींच आहे.