रूझवेल्ट यांचीं दोन स्मारकें

वॉशिंग्टन नगरींत अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचीं स्मारकें दोन आहेत, हें तेथें जाणाऱ्या पुष्कळ प्रवाशांस ठाऊक नसतें. थोरलें म्हणजे जलाशयाच्या कांठीं साडेसात एकरांत पसरलेलें उद्यान. धाकटें म्हणजे राष्ट्रीय दफ्तरखान्यापाशीं ठेविलेला एक पांढरा दगड. धाकट्याची हकीकत आधीं सांगितली पाहिजे. १९४१ सालीं रूझवेल्ट यांनीं आपले स्नेही न्यायमूर्ति फ्रँकफर्टर यांस सांगून ठेविलें होतें कीं, माझें स्मारक करावयाचेंच झालें तर तें माझ्या मेजाएवढें असावें, व त्यावर कसलेंही नक्षीकाम नसावें. त्यांच्या निधनास वीस वर्षें पुरीं झालीं त्या दिवशीं, १२ एप्रिल १९६५ रोजीं, तो दगड बसविण्यांत आला. राष्ट्राचें समाधान मात्र तेवढ्यानें झालें नाहीं.

लॉरेन्स हॅल्प्रिन यांनीं योजिलेलें उद्यान १९९७ च्या मे महिन्यांत खुलें झालें. चार कारकीर्दींचे चार उघडे चौक, तांबूस ग्रॅनाइटच्या भिंती आणि जागोजाग पाणी. दुसऱ्या चौकांत भाकरीसाठीं रांगेंत उभे असलेले मंदीच्या काळांतील पांच पुरुष ब्राँझमध्यें घडविले आहेत. प्रेक्षक हौसेनें त्यांच्यामागें सहावे उभे राहून छायाचित्र काढून घेतात. भुकेचें असें सहलींत रूपांतर व्हावयास साठ-सत्तर वर्षें पुरतात!

परंतु खरा वाद पेटला तो खुर्चीवरून. १९२१ सालीं, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षीं, रूझवेल्ट यांचे पाय पोलिओनें निकामी झाले. पुढें ते चार वेळां अध्यक्ष निवडले गेले, पण चाकांच्या खुर्चींतील आपलें रूप लोकांस दिसूं नये याची त्यांनीं दक्षता घेतली, आणि वृत्तपत्रांनींही ती पाळली. उद्यानांतील त्यांच्या भव्य पुतळ्याच्या अंगावर म्हणूनच पायघोळ झगा आहे. अपंगांच्या संस्थांनीं यास हरकत घेतली, तेव्हां उत्तर मिळालें कीं, त्यांनीं जें स्वतः झांकलें तें आपण कां उघडें करावें?

हा युक्तिवाद सभ्य दिसतो, पण टिकत नाहीं. जें राष्ट्र मेजाएवढ्या दगडाची स्पष्ट इच्छा बाजूस सारून साडेसात एकर व्यापतें, त्यानें खुर्चीपाशीं येतांच मृताच्या इच्छेचा हवाला द्यावा, हें फार सोयीचें आज्ञापालन होय. शिवाय तें झांकणें मतदारांपुरतें होतें. जॉर्जिया प्रांतांतील वॉर्म स्प्रिंग्ज येथें, पोलिओच्या रुग्णांसाठीं स्वतः काढलेल्या संस्थेंत, ते आपली अवस्था लपवीत नसत. निवडणूक जिंकण्याच्या तत्कालीन अटीस त्यांचें मृत्युपत्र समजणें ही इतिहासाची चुकीची वाचणी आहे.

अखेर २००१ च्या जानेवारींत रॉबर्ट ग्रॅहम यांनीं घडविलेला दुसरा पुतळा प्रवेशाशींच बसविला गेला. तो चौथऱ्यावाचून, माणसाएवढा, चाकांच्या खुर्चींत बसलेला आहे. त्यास पाहून जो आंत जातो, तो तिसऱ्या चौकांतील झग्याच्या पुतळ्यामागें आपोआप वळतो. तेथें खुर्चीच्या पायांस लहान चाकें पहिल्यापासूनच आहेत.