बर्फाच्या डब्यातलं रक्त

नागपूरजवळच्या हिंगण्यात रक्त तपासण्यात माझं उभं आयुष्य गेलं. आता पोरं सकाळी नमुना मशीनला लावतात आणि संध्याकाळी आरटी-पीसीआरचा रिपोर्ट देतात. त्यांना मी आवर्जून १९६५ची गोष्ट सांगतो.

त्या साली नागपुरात तापाची मोठी साथ होती, चिकनगुनिया आणि डेंगीची. पण पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रात भट्ट आणि रॉड्रिग्ज यांना दोन रुग्णांच्या रक्तात या दोन्हींहून निराळा विषाणू मिळाला. रक्त चांदीपुरा गावचं, म्हणून त्याचं नावही चांदीपुरा. तेव्हा विषाणू ओळखायचा म्हणजे आधी तो वाढवायचा. काचेच्या नळीत जिवंत पेशींचा थर, त्यावर रुग्णाचं सिरम, मग रोज सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मरतात का ते बघणं. मेल्या, की ओळखीच्या विषाणूंच्या प्रतिद्रव्यांशी ताडून पाहणं. एकाशीही जुळेना, तेव्हा कळायचं, हा नवा! पण त्यासाठी रक्त थंडच पोचायला हवं. बर्फ वितळला की विषाणू मेला, आणि निदानही.

पुढे कळलं की तो वाळूमाशीतून पसरतो. २००३मध्ये आंध्र प्रदेशात ३२९ आजारी मुलांपैकी १८३ दगावली. २००७मध्ये तो आमच्या विदर्भात परतला. ताप, उलटी, झटके, आणि बरीच लेकरं दोन दिवसांतच जायची. शरीरात आयजीएम प्रतिद्रव्यं तयार व्हायला चार-पाच दिवस लागतात, म्हणून ती शोधणारी चाचणी या मुलांसाठी उशिराची. विषाणूचं आरएनएच थेट पकडणारी पीसीआर इथे खरी कामाची. त्या साथीत सिरम वेगळं करून, डब्यात बर्फ दाबून भरून, झाकणाला चिकटपट्टी लावताना माझी बोटं बधिर व्हायची. रिपोर्ट यायचा तोवर त्या खाटेवर दुसरंच मूल असायचं. ते अजून विसरलो नाही.

विषाणूला गावाचं नाव देणं मला पटत नाही. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेनेही नव्या आजारांना ठिकाणांची नावं देऊ नका, असं सांगितलं. पण चांदीपुऱ्याचं नाव आता पुसता येत नाही.

एकच मागणं आहे. ताप उतरल्यावर पंधरा दिवसांनी पुन्हा रक्त द्यायला बोलावलं, तर जरूर या. दोन्ही नमुन्यांतली प्रतिद्रव्यं शेजारी ठेवून पाहिली की वाढ दिसते, आणि साथ कशाची होती ते पक्कं ठरवायला मदत होते. आमच्याकडे बरे झालेले बहुतेक परत आलेच नाहीत.