छाती न उघडता

काहींच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मतःच भोक असतं. पण कित्येकांना ते कळतं थेट तिशी-चाळिशीत, जिना चढताना धाप लागते तेव्हा.

६ मे १९५३, फिलाडेल्फिया. डॉ. जॉन गिबन यांनी १८ वर्षांच्या मुलीची छाती उघडून असंच भोक शिवलं. २६ मिनिटं तिच्या हृदय-फुफ्फुसांचं सगळं काम यंत्राने केलं!

१९७५ मध्ये न्यू ऑर्लिन्सला किंग आणि मिल्स या डॉक्टरांनी मांडीच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत नेली आणि दोन चिमुकल्या छत्र्यांनी भोक दोन्ही बाजूंनी बंद केलं. छातीवर एकही टाका नाही!

आज बरीच भोकं अशीच बुजवतात. छत्रीला धरायला कडच नसेल, तर मात्र ऑपरेशन लागतं. म्हणून मी एवढंच म्हणेन, धाप अंगावर काढू नका. डॉक्टरांना दाखवा.