मटका आणि गुत्ता : एकाच दुखण्याचा इतिहास

दारूबद्दल आपल्या वस्त्यांत पुष्कळ बोलले गेले. जुगाराबद्दल मात्र तेवढे बोलले जात नाही. "दारू सोडली ना, मग एखादा आकडा लावला तर काय बिघडलं?" असे सहज म्हटले जाते. इतिहास काय सांगतो ते पाहू या.

मटका मुंबईतला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद होतानाचे भाव मुंबईला येत, त्यांवर लोक पैसे लावीत. १९६१ च्या सुमारास ते बंद झाले. मग १९६२ साली कल्याणजी भगत यांनी आणि १९६४ साली रतन खत्री यांनी आपापला मटका काढला. खत्रींचा 'ओपन' रात्री नऊला, 'क्लोज' बाराला. मधले तीन तास काढायचे कुठे? गुत्त्यावर! १९५० पासून दारूबंदी होती, पण हातभट्टी काही थांबली नव्हती. आकडा लागला तर आनंदाची, गेला तर दुःखाची. आणि एकदा चढली की उरलेला पगारही आकड्यावर.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. पगार थांबला, सवय थांबली नाही. पुढे परवडणाऱ्या घरासाठी कितीतरी कुटुंबे मीरा-भाईंदर, वसई-विरारकडे आली. काही घरांत भांड्याकुंड्यांबरोबर ही सवयही आली.

तथागतांनी सिगाल या गृहस्थाला धननाशाची सहा कारणे सांगितली. त्यांत मद्य आणि जुगार एकाच यादीत आहेत. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१३ साली जुगाराचे व्यसन दारू व अमली पदार्थांच्याच प्रकरणात घातले. लक्षणे सारखीच : मात्रा वाढत जाते, थांबले की चिडचिड होते, घरी खोटे बोलावे लागते. म्हणून एक सुटले तरी माणूस दुसऱ्यात अडकू शकतो.

जुगारबंदीचा कायदा १८८७ पासून आहे, तरी मटका फोफावला. ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवरही बंदीचा कायदा झाला. पण नुसत्या कायद्याने घर सावरत नाही. दारू सोडलेल्या भावाला "पीत नाहीस ना?" एवढेच विचारू नका. "कर्ज किती झालंय, मोबाईलवर काय खेळतोस?" हेही मायेने विचारा, आणि व्यसनमुक्ती केंद्रात नेताना डॉक्टरांना दोन्ही गोष्टी सांगा.