नाशिकचा भांडी बाजार

मुंबईचें क्रॉफर्ड मार्केट १८६९ सालीं बांधून झालें आणि पुण्याचें रे मार्केट १८८६ सालीं उघडलें. आज दोहोंसही महात्मा फुले यांचें नांव आहे. दोन्ही ठिकाणीं आधीं इमारत उभी राहिली व मग दुकानें तिच्या छपराखालीं आलीं. नाशिकच्या भांडी बाजाराचा क्रम निराळा. त्यास कोणीं एक छप्पर घातलें नाहीं. जुन्या माड्यांच्या आणि अरुंद गल्ल्यांच्या सावलींत तो वसला, व तोही गोदावरीच्या इतका निकट कीं, मोठा पूर आला म्हणजे पाणी दुकानांत शिरतें. मग व्यापाऱ्यांनीं ही जागा सोडली कां नाहीं?

याचें उत्तर घाटावर मिळतें. येथील गिऱ्हाईक नदीसाठीं येतें. रामकुंडावर स्नान झालें कीं, गंगेचें जल घरीं नेण्यास तांब्याचा गडू लागतो. देवघरासाठीं ताम्हन, पळी-पंचपात्र, समई आठवते. दर बारा वर्षांनीं सिंहस्थ आला म्हणजे ही गर्दी शतगुणित होते. घाट सोडून बाजार दूर नेणें म्हणजे गिऱ्हाइकाकडे पाठ फिरविणें होय.

पेशवाईंत या गांवास बहर आला. १७४७ सालीं नारोशंकर राजेबहादूर यांनीं पंचवटींत रामेश्वराचें मंदिर बांधलें. घाट, वाडे, देवालयें वाढलीं. सराफ बाजारालगत सरकारवाडा उभा राहिला. १८१८ सालीं पेशवाई गेली, पण यात्रा गेली नाहीं. १८६५ सालीं थळ घाटांतून आगगाडी सुरू झाली, तेव्हां दूरदूरचे यात्रेकरू मुंबईकडून सुखानें येऊं लागले.

पुरानेंही हा व्यापार हलला नाहीं. १९६५ सालीं वरच्या अंगास गंगापूर धरण पूर्ण झालें, तरी १९६९, २००८ व २०१९ या सालीं मोठे पूर आलेच. पाणी दुतोंड्या मारुतीच्या कोठवर चढलें, यावरून नाशिककर पुराचा अदमास घेतात. पाणी ओसरलें कीं गाळ उपसून दुकानें पुन्हां मांडलीं जातात.

खरा घाला आला तो स्टेनलेस स्टीलचा. तें हलकें, त्यास कल्हई नको, चिंच नको. घरोघरचे हंडे-घागरी मोडींत गेले, आणि त्यांवर कोरलेलीं आजी-पणजींचीं नांवेंही भट्टींत वितळलीं. तांबट आळीच्या हातोडीस काम कमी झालें. तांबट पत्रा तापवून मऊ करतो, ठोकून आकार देतो आणि शेवटीं मठारतो. मठारण्यानें धातु कठीण होतो. भांडें सहजासहजीं चेपत नाहीं, आणि प्रत्येक ठशावर उजेड खेळतो.

म्हणून नाशिकास जाणाऱ्यानें भांडें उजेडांत धरून फिरवावें, मठार एकसारखा आहे कीं नाहीं तें पाहावें, वजन आपल्या डोळ्यांदेखत करवून घ्यावें आणि त्यावर नांव व साल घालून घ्यावें. घासाघीस करणें झाल्यास ती धातूच्या दरावर करावी, मठाराच्या मजुरीवर करूं नये. दर बाजार ठरवितो. मजुरी एका माणसाच्या हाताची असते, आणि ती पुरती न मिळाल्यास हातोडी खालीं ठेवण्यावांचून त्यास गत्यंतर राहत नाहीं.