ताजमहाल आणि अर्धं लिंबू

राजस्थानातल्या मकराण्याचा संगमरवर १६३२ नंतर ताजमहालासाठी आग्र्याला गेला. १९२१ साली खुल्या झालेल्या कोलकात्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियललाही तोच दगड आहे. मग स्वयंपाकघराच्या ओट्यावर तो लवकर का खराब होतो?

संगमरवर म्हणजे मुळात चुनखडीच, आणि तिचं आम्लाशी वैर. कोळशाच्या धुरातल्या गंधकापासून आम्ल बनतं. म्हणूनच १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ताजच्या परिसरात कोळसा जाळणाऱ्या कारखान्यांना बजावलं : नैसर्गिक वायू वापरा, नाहीतर दुसरीकडे जा.

आपल्या घरातलं आम्ल म्हणजे लिंबू, चिंच, कोकम. ते सांडलं की दगडाची चकाकी जाते. हा डाग नव्हे, झीज आहे. ती घासून जात नाही, पुन्हा पॉलिश करावं लागतं. सीलर लावला तर तेल-हळद उशिरा मुरते, पण आम्ल अडत नाही.

म्हणून सांडलेलं लगेच पुसा, ओटा सौम्य साबणाने धुवा, व्हिनेगर टाळा. काळा कडप्पाही चुनखडीच, हे विसरू नका. रोज आंबट शिजत असेल तर ओट्याला ग्रॅनाइट घ्या आणि संगमरवर पोळपाटापुरता ठेवा.