माशाच्या कानातला खडा

कोल्हापुरात समुद्राची मासळी येते ती घाट चढून. त्यातल्या ढोम्याचं डोकं रश्श्यात टाकलं, की खाताना कधीतरी दाताखाली पांढरा, टणक खडा येतो. आपण ‘वाळू राहिली वाटतं’ म्हणून तो ताटाच्या कडेला सारतो. तर मंडळी, ती वाळू नव्हे, तो माशाच्या कानातला खडा! इंग्रजीत ओटोलिथ.

माशाला बाहेरून कान दिसत नाहीत, पण आतला कान असतो आणि त्यात अशा खड्यांच्या तीन जोड्या असतात. तोल सांभाळणं आणि ऐकणं, दोन्हींसाठी ते लागतात. माल कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे शिंपल्याचाच. मासा वाढतो तसे खड्यावर थर चढतात, ते मोजून वय काढता येतं. शिवाय खड्याचा आकार, कडा आणि एका बाजूची खोबण जातीजातीत वेगळी. आमच्या भाषेत सांगायचं तर हा फाईलचा हॅश. फाईल हरवली तरी हॅशवरून ओळख पटते, फक्त जुळवून बघायला यादी हवी.

गोची इथेच आहे. नामशेष झालेल्या माशांची यादी आणायची कुठून?

1884 साली एर्न्स्ट कोकेन ह्या जर्मन अभ्यासकाने उत्तर जर्मनीतल्या अशा जीवाश्म खड्यांवर मोठा निबंध लिहिला. त्याची पद्धत मला फार आवडली. नाव नुसतं ‘ओटोलिथस’ आणि कंसात कुळ. म्हणजे हा खडा अमुक कुळातल्या कुणाचा तरी आहे, नेमका कुणाचा ते माहीत नाही.

आता आपल्याकडे येऊ. कोल्हापूर ज्या काळ्या पाषाणावर वसलंय, तो दख्खनचा लाव्हा साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये बराच काळ शांततेचा जायचा, तेव्हा खोलगट जागी तळी साचायची. पुढचा लाव्हा आला की तळ्याचा गाळ माशांसकट गाडला जायचा. हा गाळ दख्खनच्या कडेकडेने जास्त सापडतो. नागपूर भागातले जीवाश्म एकोणिसाव्या शतकात स्टीफन हिस्लॉप ह्यांनी जमवले (हो, हिस्लॉप कॉलेजवाले). चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावच्या माशांना 1908 मध्ये आर्थर स्मिथ वुडवर्डने नावं दिली. त्यातल्या एकाचं नाव ‘इओसेरानस हिस्लोपी’.

पण ही ओळख हाडाखवल्यांवरची. कानातल्या खड्यांची पाळी यायला 1980 चं दशक उजाडलं. त्याला एक कारण रसायनाचंही आहे. हाडं आणि दात फॉस्फेटचे असतात, म्हणून चुन्याचा दगड सौम्य ॲसेटिक ॲसिडमध्ये विरघळवून ते बाहेर काढता येतात. त्याच ॲसिडमध्ये हे खडे मात्र चक्क विरघळून जातात. खडे हवे असतील तर गाळ पाण्यात भिजवा, बारीक चाळणीने धुवा आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक वेचा. म्हणजे कुठली पद्धत वापरली, त्यावर कुठला मासा इतिहासात शिरणार ते ठरतं!

1988 मध्ये आर. एस. राणा ह्यांनी रंगापूरच्या (आजचं तेलंगण) गाळातल्या खड्यांचं वर्णन छापलं. मग वीस वर्षांनी, 2008 मध्ये, दख्खनच्या ह्या सगळ्या खड्यांची फेरतपासणी झाली. ती केली बेल्जियमचे डर्क नोल्फ, जी. व्ही. आर. प्रसाद आणि खुद्द राणा ह्यांनी. स्वतःचीच जुनी यादी पुन्हा उघडायची, हे सोपं नाही हो. नोल्फ ह्यांची पद्धतही कोकेनच्याच वळणाची. प्रजात ठरत नसेल तर ‘ऑस्टिओग्लॉसिडारम’ असं लिहायचं, म्हणजे ‘ऑस्टिओग्लॉसिड कुळातल्यांपैकी’.

एवढा काटेकोरपणा कशाला? भारत तेव्हा आशियाला नीट जोडलेला नव्हता. इथल्या तळ्यांत कुठल्या कुळातले मासे होते, ह्यावरून ते कुठून आले आणि डायनोसॉर संपले त्या उलथापालथीतून कोण वाचलं, हे ठरवतात. एका खड्याला हौसेने आजच्या माशाचं नाव दिलं, की ते अख्खं कुळ कागदावर काही कोटी वर्षांनी म्हातारं होतं, आणि पुढचे दहाजण तोच आकडा उचलतात.

आमच्या धंद्यातही डेटाबेसचा रकाना रिकामा दिसला की लोकांचे हात शिवशिवतात. काहीतरी भरून टाकतात. रिपोर्ट छान दिसतो, पण त्यावर पुढे काय काय उभं राहतं ते कुणी बघत नाही. ‘कुळ ठाऊक, जात ठाऊक नाही’ असं लिहायची सोय आमच्याही रकान्यात हवी होती राव!